रात्रीतून निघालेली अधिसूचना

७ डिसेंबर २०२३ च्या रात्री विदेश व्यापार महासंचालनालयाची अधिसूचना निघाली आणि दुसऱ्या दिवसापासून कांद्याची निर्यात बंद झाली. त्याआधी ऑगस्टात ४० टक्के निर्यातशुल्क लागलं होतं, ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलरचं किमान निर्यातमूल्य आलं होतं. नाशिक जिल्ह्यात त्यावरचं बोलणं अजून थांबलेलं नाही. निफाड तालुक्यातल्या एका कांदाचाळीपाशी मी इथे दोघांना बसवलं आहे : कांदा करण्यात आयुष्य गेलेले मामा आणि मुंबईत व्यापारकायद्याचा अभ्यास करणारी त्यांची भाची सई. माणसं कल्पित आहेत. पेच माझा आहे आणि तो मला सुटलेला नाही.

मामा : तू कायदा शिकलीस, तर एवढं सांग. माझ्या मालाचा भाव पाडायचा हक्क सरकारला कुणी दिला?

सई : १९९२ च्या विदेश व्यापार कायद्याने. कलम तीन. केंद्राने आदेश काढला की कुठल्याही मालाची निर्यात थांबते. आधी कुणाला विचारावं लागत नाही.

मामा : हे झालं कागदाचं. मी न्यायाचं विचारतोय.

सई : मग मीही न्यायाचंच विचारते. कल्याणला आई भाजी आणते. कांदा सत्तर रुपये किलो झाला की ती किलोऐवजी अर्धा किलो घेते, तिचं भागतं. आमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या मावशी कांदा घेणंच बंद करतात. इथे पिकलेलं अन्न आधी इथल्या माणसाच्या ताटात पडावं, यात चूक काय आहे?

मामा : काही चूक नाही. त्या बाईला कांदा मिळालाच पाहिजे. पण तो स्वस्त द्यायचा तर मधला फरक कुणी भरायचा? रेशनचा गहू सरकार हमीभावाने घेतं, फुकट वाटतं आणि तोटा तिजोरीतून सोसतं. म्हणजे सगळा देश सोसतो. कांद्याच्या वेळी तो माझ्या ट्रॉलीतून वसूल झाला. बंदीच्या आधी लासलगावच्या बाजारात क्विंटलला चार हजारांच्या आसपास चालू होतं. काही आठवड्यांत भाव निम्म्यावर आला.

सई : नाफेड आणि एनसीसीएफ या सहकारी संस्था सरकारच्या राखीव साठ्यासाठी खरेदी करतात की.

मामा : करतात. त्यांनी घेतला किती आणि बाजारात आवक किती, ते बघ. आणि भाव चढला की तोच साठा बाजारात उतरवतात. तो साठा ग्राहकासाठी आहे, माझ्यासाठी नाही.

इथे मी मामांच्या बाजूचा आहे, ते लपवत नाही. ओईसीडी ही देशांची संघटना आणि इक्रिअर ही दिल्लीची संशोधन संस्था यांच्या २०१८ च्या अभ्यासाने २००० पासूनच्या सुमारे सोळा-सतरा वर्षांचा हिशेब मांडला होता. निर्यातबंद्या आणि बाजारावरची बंधनं यांमुळे भारतीय शेतकऱ्यांचं दरवर्षी एकूण उत्पन्नाच्या साधारण १४ टक्के नुकसान होत राहिलं, असा त्याचा निष्कर्ष होता. खतं-विजेच्या सवलती जमेला धरूनही. हा कर कुठल्याही अर्थसंकल्पात दिसत नाही आणि त्याच्यावर कुठल्याही सभागृहात मतदान होत नाही.

सई : पण भाव वाढतो तेव्हा तो सगळा तुमच्या पदरात कुठे पडतो? रिझर्व्ह बँकेच्या २०२४ च्या अभ्यासात ग्राहकाच्या रुपयातले ३६ पैसे कांदा उत्पादकाला मिळतात, असं आलंय.

मामा : मग उरलेल्या चौसष्ट पैशांवर बंदी घाल ना! तिथे हात लावायला अवघड जातं, म्हणून बंदराचं दार लावतात. हे बघ. (दोन कांदे पुढे करतात.) हा उन्हाळ. मान बारीक, पापुद्रे घट्ट, हातात वाजतो. मार्च-एप्रिलात काढायचा, नीट सुकवून चाळीत टाकायचा, दिवाळीपर्यंत थांबतो. तरी वजन घटतं, काजळी धरते, कोंब येतात. आणि हा लाल. मान जाड, अंगात पाणी. महिनाभर ठेवलास तर सडलाच समज. डिसेंबरात बाजारात असतो तो हा. बंदी नेमकी त्याच्यावर आली. थांबायची सोय नसलेल्या मालाला तुम्ही थांबा म्हणता.

सई : अधिसूचनेत सवलत होती. जहाजावर भरणं सुरू झालेला माल, कस्टम्सच्या ताब्यात दिलेला माल, तो जाऊ दिला.

मामा : म्हणजे बंदरात पोचलेल्याला सवलत. शेतात उभा होता त्याचं काय? मी ऑगस्टात रोपं लावली तेव्हा निर्यात चालू होती. त्या दिवसाच्या धोरणावर मी पैसे घातले. व्यापाऱ्याचा करार करार, आणि माझी लागवड म्हणजे काहीच नाही?

सई : (थोडा वेळ गप्प राहून) याला माझ्याकडे उत्तर नाही. पण दाराच्या पलीकडेही माणसं आहेत, त्यांचंही बोलू या. सप्टेंबर २०२० मध्ये अशीच अचानक बंदी आली. बांगलादेशच्या सीमेवर पेट्रापोलपाशी ट्रक अडकले, ढाक्यात भाव भडकले. आधी कळवायला हवं होतं, असं बांगलादेशाने लेखी कळवलं. मग भारताने वाटेतला २५ हजार टन माल सोडला. त्याच्या आदल्या वर्षी तर बांगलादेशाच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीनांनी दिल्लीत येऊन, स्वयंपाक्याला कांदा वापरू नको म्हणून सांगितल्याचं बोलून दाखवलं होतं. कल्याणच्या मावशींसाठी दार लावलं, तेव्हा ढाक्यातल्या तशाच एका बाईचा विचार कोणी केला?

मामा : आपलं सरकार आपल्या माणसांचं. त्यांचं त्यांनी बघावं.

सई : सगळ्यांनी असंच बघितलं की काय होतं ते २००७-०८ मध्ये दिसलं. भारताने, व्हिएतनामने तांदूळ रोखला, आणखी देश मागोमाग आले. मार्टिन आणि अँडरसन या अर्थशास्त्रज्ञांनी नंतर हिशेब केला : जगात तांदळाचा भाव जेवढा वाढला, त्यातली सुमारे ४५ टक्के वाढ देशांनी स्वतःला वाचवायला केलेल्या उपायांचीच होती. प्रत्येकाने घाबरून दार लावलं आणि टंचाई आणखी वाढली. त्यात जे फक्त विकत घेऊन खातात ते देश भरडले गेले.

मामा : जागतिक व्यापार संघटना कशाला आहे मग?

सई : नियम आहे तिथे. टंचाईत तात्पुरती निर्यातबंदी चालते. शेतीच्या कराराचं बारावं कलम सांगतं, बंदी घालण्याआधी लेखी कळवा, घेणाऱ्या देशाच्या अन्नाचा विचार करा. विकसनशील देशांना यातून सूट आहे, पण तो माल ते निव्वळ निर्यात करत असतील तर नाही. कांद्यात आपण निर्यातदारच. पण कळवलं नाही तर शिक्षा काय, हे त्या कलमात नाही. आणि शेतकऱ्याचं तर त्यात नावच नाही. ते कलम देशांनी देशांशी बोलण्यासाठी लिहिलंय.

मामा : बघ, म्हणजे मीही तिथे नाही आणि ढाक्याची बाईही नाही.

सई : आता तुम्हाला अडचणीचा प्रश्न विचारते. २०१९ च्या शेवटी सरकारने इजिप्त आणि तुर्कीतून कांदा आणला, तेव्हा तुमच्याकडे काय म्हणत होते? परदेशी कांदा बंद करा. आणि बांगलादेश स्वतःच्या शेतकऱ्याचा कांदा निघाला की आपला कांदा घ्यायचं थांबवतो, २०२३ मध्येही थांबवलं होतं. तेव्हा तुम्ही चिडता. भाव चढा असताना व्यापार खुला हवा आणि पडला की कुंपण हवं, हे तुम्ही मागताय ना?

मामा : (बराच वेळ बोलत नाहीत.) हो, मागतो. कारण पडल्यावर मला कोणी उचलत नाही. मला खाली आधार असेल तर वरचा भाव थोडा सोडायला मी तयार आहे. तू म्हणशील तो नियम कर. पण पेरणीच्या आधी सांग. रात्री अकराला नको.

सई : नियम असा करता येईल : भाव ठरावीक पातळीच्या वर गेला की शुल्क टप्प्याटप्प्याने वाढेल. पातळी आधीच जाहीर. बंदी शेवटचा उपाय, तीही मुदतीची आणि कारणं छापून. शेजाऱ्यांना आगाऊ कळवायचं. आणि जमलेलं शुल्क उत्पादकांकडे परत. ऑगस्ट २०२३ नंतर ४० टक्के शुल्कातून आलेला पैसा केंद्राच्या तिजोरीत गेला, तो कांद्यासाठी वेगळा ठेवलेला नव्हता.

मामा : पातळी जाहीर केलीस की व्यापारी तिथे पोचायच्या आधी घाईने माल बाहेर काढेल. तुझ्या मावशींना कांदा तेव्हाच मिळणार नाही.

सई : हो. सरकारही नेमकं हेच कारण देतं, आधी सांगितलं तर बंदीचा उपयोग राहत नाही. मला वाटतं, थोडी घाई पत्करावी. अचानकपणाचा सगळा भार एकाच माणसावर टाकण्यापेक्षा ते बरं. पण याची किंमत मावशी देतील आणि त्यांना विचारून मी हे बोलत नाहीये.

मामा : आणि शुल्क परत देणार कुणाला? २०२३ मध्ये राज्याने क्विंटलला साडेतीनशे अनुदान दिलं, तेव्हा सातबाऱ्यावर पीकपाहणीची नोंद मागितली. माझ्या खालच्या तीन एकरांत वाटेकरी आहे. लावण त्याच्या बायकोने केली, काढणी तिने केली, निम्मा खर्च त्यांचा. सातबारा माझा. पैसे आले असते तर माझ्या खात्यात.

सई : तुम्ही त्यांना दिले असते का?

मामा : दिले असते. पण माझ्या मर्जीवर. माझी मर्जी म्हणजे त्यांचा हक्क नव्हे, हे मला कळतं. सरकारच्या मर्जीवर मी असतो, तसेच ते माझ्या.

सई : मग नियम लिहायला बसाल तेव्हा त्यांनाही बोलवावं लागेल.

मामा : बोलाव. फक्त काढणीच्या दिवसांत नको ठेवूस. तिला यायला जमणार नाही.