डेटावर मालकी कोणाची?

'स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन' ही अमेरिकी दूरचित्रवाणी मालिका १९८७ ते १९९४ या काळात सात पर्वांत प्रसारित झाली. तिच्यातला लेफ्टनंट कमांडर डेटा हा माणसाच्या रूपातला अँड्रॉइड आहे. एंटरप्राइज या अंतराळयानावर तो अधिकारी आहे आणि त्याने पदकेही मिळवली आहेत. आपल्याला भावना नाहीत, असे मात्र तो स्वतःच सांगतो. फेब्रुवारी १९८९ मध्ये दाखवलेल्या 'द मेझर ऑफ अ मॅन' या भागात त्याच्या अस्तित्वाचाच खटला उभा राहतो. हा भाग लिहिणाऱ्या मेलिंडा स्नॉडग्रास पूर्वी वकिली करत होत्या. त्यामुळे असेल, पण इथले तत्त्वज्ञान नुसत्या संवादांत तरंगत राहत नाही. ते पुरावा, उलटतपासणी आणि निकाल या चाकोरीतून पुढे सरकते.

ब्रूस मॅडॉक्स या संशोधकाला डेटाचे सुटे भाग करून त्याच्या मेंदूची घडण समजून घ्यायची आहे आणि मग तसे असंख्य अँड्रॉइड तयार करायचे आहेत. डेटाला ही जोखीम मान्य नाही. बदलीचा हुकूम निघतो तेव्हा तो राजीनामा देतो. मॅडॉक्सचा आक्षेप असा, की डेटा स्टारफ्लीट या अंतराळ दलाची मालमत्ता आहे आणि मालमत्तेला राजीनामा देता येत नाही. यानावरच्या संगणकाने दुरुस्तीला नकार दिला असता, तर तो कोणी ऐकून घेतला असता का?

डेटाचे नेमके काय हिरावले जाणार आहे, हा प्रश्न इथे महत्त्वाचा ठरतो. त्याच्या सगळ्या आठवणी संगणकात उतरवून ठेवू, अशी हमी मॅडॉक्स देतो. त्यावर डेटा पोकरचे उदाहरण देतो. पोकरचे नियम आणि डावपेच त्याने आधी वाचून घेतले होते, पण प्रत्यक्ष डाव मांडून बसल्यावर खेळ वेगळाच निघाला. माहिती उतरवून ठेवता येईल, पण अनुभवाचा गाभा त्यात टिकेलच याची खात्री त्याला वाटत नाही. स्वतःला भावनाशून्य म्हणवणाऱ्या डेटाजवळ गमावण्यासारखे काहीतरी आहे आणि त्याची त्याला जाण आहे. साऱ्या खटल्यातला हा सर्वांत भक्कम पुरावा म्हणायला हवा, आणि तो न्यायालयाबाहेरच्या एका साध्या संभाषणात येऊन जातो.

सुनावणीत डेटाविरुद्ध बाजू मांडण्याचे काम त्याचा मित्र रायकर याच्यावर येते. त्याने ते नाकारले असते, तर निकाल थेट डेटाच्या विरोधात गेला असता. रायकर भर न्यायालयात डेटाचा हात काढून दाखवतो आणि मग पाठीवरचे बटण दाबून त्याला बंद करतो. डेटा टेबलावर कोसळतो. माणसाने घडवलेली वस्तू माणूस हवी तेव्हा थांबवू शकतो, असा हा युक्तिवाद आहे. पाहणारा क्षणभर हादरतो. पण घडवणाऱ्याकडे मालकी जाते हे तत्त्व मान्य केले, तर मुलेही आईबापांची मालमत्ता ठरतात. बचाव करणारा कॅप्टन पिकार्ड नेमके यावरच बोट ठेवतो.

मॅडॉक्स सचेतन असण्याच्या तीन कसोट्या सांगतो : बुद्धिमत्ता, आत्मभान आणि जाणीव. पहिल्या दोन डेटा पार करतो, हे उलटतपासणीत उघड होते. तिसरी मोजायची कशी, याचे उत्तर मॅडॉक्सपाशी नाही. खरे तर ते कोणापाशीच नाही. दुसऱ्याच्या मनात थेट डोकावता येत नाही. आपल्यासारखे वागणाऱ्याला आपल्यासारखेच मन असणार, असे आपण धरून चालतो. ॲलन ट्युरिंग यांनी १९५० मध्ये यंत्राच्या विचारशक्तीची कसोटी त्याच्या उत्तरांवर ठेवली. जॉन सर्ल यांनी १९८० मध्ये त्याला हरकत घेतली : चिन्हे अचूक जुळवता आली म्हणजे अर्थ कळला असे होत नाही. भारतीय दर्शनांनीही हाच पेच वेगळ्या बाजूंनी हाताळला आहे. न्यायदर्शन इच्छा, द्वेष, प्रयत्न, सुख, दुःख आणि ज्ञान या खुणांवरून आत्म्याचे अनुमान करते. डेटाकडे प्रयत्न आणि ज्ञान निःसंशय आहेत. सुटे भाग करून घ्यायला दिलेला नकार इच्छा आणि द्वेषाच्या जवळ जातो. सुखदुःखाबद्दल मात्र तो स्वतःच नाही म्हणतो. चार्वाकांच्या मते चैतन्य जडभूतांच्या विशिष्ट संयोगातून निपजते. हे मत स्वीकारले, तर तो संयोग हाडामांसाचाच असला पाहिजे, असा आग्रह धरायला कारण उरत नाही.

खटल्याला वळण मिळते ते यानावरचे मद्यगृह चालवणाऱ्या गायनन हिच्याशी पिकार्डच्या झालेल्या बोलण्यातून. ही भूमिका हूपी गोल्डबर्ग या कृष्णवर्णीय अभिनेत्रीची आहे. एक डेटा हे नवल, पण हजारो डेटा झाले की घाणेरडी, धोक्याची कामे करायला एक आख्खी जमात हाताशी येते, जिच्या बऱ्यावाइटाचा विचार कोणालाच करावा लागत नाही. गुलामगिरी हा शब्द उच्चारतो तो पिकार्ड. अमेरिकी प्रेक्षकाला इथे १८५७ चा ड्रेड स्कॉट खटला आठवणे स्वाभाविक आहे. त्या वेळी सर्वोच्च न्यायालयाने गुलामांच्या कृष्णवर्णीय वंशजांना नागरिकत्व आणि म्हणून दाद मागण्याचा हक्कच नाकारला होता. न्यायाधीश लूव्हॉय डेटाला आत्मा आहे की नाही, हे ठरवत नाहीत. तो प्रश्न सोडवण्याची आपली पात्रता नाही, पण तो शोध घेण्याचे स्वातंत्र्य डेटाला असले पाहिजे, असा त्यांचा निकाल आहे. हा निकाल पळवाट नाही. शंका असताना चुकीची किंमत कोणी मोजायची, हे त्यात ठरले आहे. यंत्राला चुकून व्यक्ती मानले, तर एक संशोधन लांबते. व्यक्तीला चुकून यंत्र मानले, तर पिढ्यान्‌पिढ्या दास्यात जातात.

तरीही या निकालात एक उणीव राहते. डेटा सुशिक्षित आहे, नम्र आहे, गणवेशातला अधिकारी आहे आणि त्याला मोठ्या हुद्द्याचे मित्र आहेत. आपली बाजू मांडता न येणाऱ्यांचे काय? १९९२ च्या 'द क्वालिटी ऑफ लाइफ' या भागात एक्सोकॉम्प नावाची छोटी दुरुस्तीयंत्रे आहेत. धोका ओळखून ती कामातून अंग काढून घेतात, पण त्यांना बोलता येत नाही. त्यांना मरणाच्या दारात पाठवायला डेटा नकार देतो, अगदी आपल्या सहकाऱ्यांचे प्राण टांगणीला लागलेले असतानाही. नैतिकदृष्ट्या हा भाग खटल्याच्या भागापेक्षा एक पाऊल पुढचा आहे, कारण इथे हक्काचा दाखला हुशारीवर दिलेला नाही.

'व्हॉयेजर' या पुढच्या मालिकेतला डॉक्टर तर केवळ प्रकाशप्रतिमा आहे. दोन रुग्णांपैकी एकालाच वाचवता येणार, अशी वेळ आल्यावर तो ओळखीच्या मित्राला वाचवतो आणि त्या अपराधीपणाने पार खचून जातो. यानाची कॅप्टन त्याची ती आठवणच पुसून टाकते. माणसाच्या बाबतीत हे कोणी केले नसते. १९९९ च्या 'लेटंट इमेज'मध्ये हे उघडकीला येते, तेव्हा कॅप्टनला आपला निर्णय फिरवावा लागतो, आणि डॉक्टर आपले दुःख जागेपणी सोसत राहतो. २००१ च्या 'ऑथर, ऑथर'मध्ये त्याने लिहिलेल्या कादंबरीच्या हक्काचा वाद उभा राहतो. लवाद त्याला कलावंत मानतो, पण व्यक्ती मानण्याचे टाळतो. दरम्यान त्याच बनावटीचे जुने डॉक्टर खाणीत राबत असतात. लेखकाला मिळालेला न्याय मजुरापर्यंत पोचलेला नसतो.

'स्टार ट्रेक : पिकार्ड' (२०२०) या मालिकेत गायननची भीती खरी झालेली दिसते. मंगळावरच्या जहाजबांधणीत मानवाकृती कृत्रिम कामगार जुंपलेले आहेत. २३८५ साली त्यांच्या हातून भीषण संहार घडतो आणि फेडरेशन हा ग्रहांचा संघ अशा जीवांच्या निर्मितीवर सरसकट बंदी घालतो. त्या कामगारांवर बाहेरून ताबा मिळवला गेला होता, हे पुढे कळते. ज्यांना नकार देण्याचा हक्क कधी मिळाला नाही, त्यांच्यावर कृत्याची जबाबदारी मात्र पुरेपूर टाकली गेली. लूव्हॉय यांचा निकाल या कामगारांना लागू केला गेला असता, तर त्यांना त्या कामावर त्यांच्या संमतीवाचून ठेवताच आले नसते.