थांबणं आणि सोडून देणं

मर्दानगीच्या कल्पनांची उलटतपासणी हल्ली आपल्याकडे सुरू झाली आहे, आणि ती व्हायलाच हवी होती. पण ही चर्चा पुरुषाच्या वाढलेल्या छातीपाशी आली की फार लवकर आटोपते. चौदा वर्षांच्या मुलाची छाती वाढते, वर्गात त्याला चिडवतात, तो पोहायला जाणं बंद करतो, ऐन मे महिन्यात शर्टाच्या आत दोन दोन बनियन घालतो. यावर विचारी मंडळींचं उत्तर ठरलेलं आहे: दोष शरीरात नाही, पाहणाऱ्याच्या नजरेत आहे, मुलानं आपलं शरीर स्वीकारावं.

एका तासात सपाट छातीचं आश्वासन देणाऱ्या जाहिरातींशी वाद घालण्यात वेळ दवडायला नको. ‘जोर मार, उतरेल’ म्हणणाऱ्यांनाही एका वाक्यात उत्तर देता येतं: व्यायामानं चरबी उतरते, ग्रंथी उतरत नाही. स्वीकाराचा आग्रह धरणाऱ्यांचा हेतू मात्र चांगला आहे, म्हणूनच त्यांच्याशी नीट भांडलं पाहिजे.

पहिला प्रश्न, स्वीकारायचं ते नेमकं काय? बाहेरून सारख्याच दिसणाऱ्या उभारात नुसती चरबी असू शकते किंवा खरोखर वाढलेली स्तनग्रंथी, म्हणजे गायनेकोमॅस्टिया. हे कळायला बहुतेकदा यंत्र लागत नाही. मुलाला उताणं झोपवून, हात डोक्याखाली घ्यायला सांगून डॉक्टर अंगठा आणि तर्जनी स्तनाच्या दोन बाजूंना ठेवतात आणि हळूहळू स्तनाग्राकडे आणतात. चरबीच असेल तर बोटं विनाअडथळा जवळ येतात. ग्रंथी असेल तर बरोबर स्तनाग्रामागे रबरासारखी घट्ट चकती लागते, आणि दाबली की पुष्कळदा दुखते. स्वीकाराचा उपदेश करणारा ही बोटं कधी लावतच नाही.

ग्रंथी वाढते ती शरीरातल्या इस्ट्रोजेन आणि अँड्रोजेन यांचा तोल ढळल्यामुळे. नवजात बाळात, वयात येताना आणि उतारवयात हे निसर्गतःच घडतं. वयात येणाऱ्या साधारण निम्म्या मुलांत ते कमीअधिक दिसतं आणि बहुतेकांत दोनेक वर्षांत ओसरतं. इथपर्यंत ‘काही करू नका’ हे म्हणणं बरोबर ठरतं. पण तीच चकती यकृताच्या सिऱ्होसिसमध्ये येते, त्यासाठी दिलेल्या स्पायरोनोलॅक्टोननंही येते. केसांसाठी घेतलेल्या फिनास्टेराइडनं, मनोविकारावरच्या रिस्पेरिडोननं, जिममध्ये टोचून घेतलेल्या स्टेरॉइडनंही येते. क्लाइनफेल्टर सिंड्रोममध्ये येते आणि क्वचित वृषणातल्या गाठीमुळेही. म्हणून वृषणं न तपासता केलेली छातीची तपासणी मी अपुरीच मानतो. दुसऱ्या महायुद्धातल्या युद्धकैद्यांना उपासमारीनंतर पोटभर अन्न मिळू लागलं, तेव्हा त्यांच्यातल्या अनेकांचे स्तन वाढले. कुणाच्या नजरेनं ते वाढले नव्हते.

शस्त्रक्रिया हे सौंदर्याच्या आधुनिक बाजाराचं पिल्लू आहे, असाही एक आक्षेप असतो. सातव्या शतकातल्या पॉल ऑफ एजिना या वैद्यानं या शस्त्रक्रियेचं वर्णन करून ठेवलं आहे. तिचं कारण म्हणून त्यानंही बायकी दिसण्याची लाजच सांगितली, हे कबूल केलं पाहिजे. नजर जुनी आहे आणि तिच्याशी लढायलाच हवं. पण ही लढाई त्या मुलाच्या छातीवर, त्याला न विचारता लढण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

माझा सगळा मुद्दा अखेर काळावर येऊन ठेपतो. सुरुवातीच्या महिन्यांत ही ग्रंथी सक्रिय असते, दुखते. त्या काळात टॅमॉक्सिफेनसारख्या गोळीचा काहींना उपयोग होतो. साधारण वर्ष उलटलं की तिथे तंतुमय ऊती साचते, मग औषधाचा फारसा उपयोग उरत नाही. तेव्हा हवंच असेल तर स्तनाग्राभोवतीच्या काळसर वर्तुळाच्या कडेनं छेद देऊन ग्रंथी काढणं, एवढाच मार्ग राहतो. म्हणून थांबणं वेगळं आणि सोडून देणं वेगळं. दोन्हींत मुलाला गोळी मिळत नाही, त्यामुळे बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. थांबणाऱ्या डॉक्टरनं मात्र सुरुवातीची तारीख लिहिलेली असते, चकती मोजलेली असते, औषधं विचारलेली असतात, काही महिन्यांनी परत बोलावलेलं असतं. ‘वयात येतोय, जाईल’ एवढं म्हणून दार दाखवणारा डॉक्टर आणि ‘स्वीकार’ म्हणणारा विचारवंत, दोघंही सोडूनच देतात. विचारवंत त्याला तत्त्वज्ञान जोडतो, एवढाच फरक.

नीट थांबून झाल्यावर एखाद्या तरुणानं शस्त्रक्रिया निवडली तर तो मर्दानगीचा गुलाम ठरत नाही, आणि दुसऱ्यानं नको म्हटलं तर त्याचंही म्हणणं तितकंच खरं. आणि एकाच बाजूला, स्तनाग्रापासून सरकलेली दगडासारखी गाठ, आत ओढलेली त्वचा किंवा स्तनाग्रातून रक्त दिसलं, तर थांबण्याचा प्रश्नच येत नाही. स्तनांच्या कर्करोगाच्या शंभर रुग्णांत साधारण एक पुरुष असतो.

तुमच्या घरात असा मुलगा असेल तर उपदेशाआधी त्याला डॉक्टरांकडे न्या. छाती केव्हापासून वाढली ते सांगा, तो घेत असलेल्या गोळ्या आणि जिमच्या पावडरींचे डबे सोबत न्या, आणि पुढची तारीख घेतल्याशिवाय उठू नका.