रिकामी जागा आणि अध्याहार

अपूर्ण वाक्य पुरे करण्याच्या परीक्षा-प्रश्नात पर्यायांकडे वळण्याआधी उरलेल्या शब्दांना काय हवे आहे हे जो पाहतो, तो मीमांसकांच्या, म्हणजे मीमांसा या भारतीय दर्शनाच्या विचारवंतांच्या, ‘आकांक्षे’चा, म्हणजे एका पदाला असलेल्या दुसऱ्या पदाच्या अपेक्षेचा, आधार घेतो, आणि ‘योग्यता’, म्हणजे अर्थांची परस्परसंगती, ‘अग्नीने शिंपतो’ यासारखे व्याकरणशुद्ध पण अशक्य पर्याय बाद करते. मीमांसकांमधला खरा वाद अध्याहाराचा, म्हणजे न उच्चारलेला भाग पुरवण्याचा आहे. नुसते ‘दार’ म्हटले असता ऐकणारा ‘बंद कर’ हे शब्दच मनात आणतो असे कुमारिल भट्टांचे अनुयायी मानतात, तर प्राभाकरांच्या, म्हणजे प्रभाकरांच्या अनुयायांच्या, मते तो केवळ अर्थ पुरवतो. नेमका शब्द सुचण्याआधीच हवा तो अर्थ जाणवतो हा अनुभव लक्षात घेता प्राभाकरांची बाजू अधिक बळकट ठरते, परीक्षा शेवटी शब्दच मागत असली तरी.