युक्ताहार आणि १० टक्के तेल

आजचं चिंतन : गीता, अध्याय ६, श्लोक १६-१७

लठ्ठपणा कमी व्हावा म्हणून घरातलं तेल १० टक्क्यांनी कमी करा, असं आवाहन पंतप्रधानांनी फेब्रुवारी २०२५ च्या ‘मन की बात’मध्ये केलं. भगवंत अर्जुनाला मापाचंच सांगतात, पण दोन्ही बाजूंनी. अति खाणाऱ्याला योग साधत नाही आणि अजिबात न खाणाऱ्यालाही नाही!

हे दुसरं आपण सोयीनं विसरतो. वजनाच्या धास्तीनं दोन दिवस कडकडीत उपाशी, तिसऱ्या दिवशी अख्खा पिझ्झा. (एकादशीच्या साबुदाणा खिचडीचं तर बोलायलाच नको.) आरशात बघून स्वतःच्याच देहाचा राग येत असेल, तर हा श्लोक खास तुमच्यासाठी आहे. माउलीही इथे जेवूच नका म्हणत नाहीत, मोजून जेवा म्हणतात.

आज नैवेद्याला वाढतो तसं सगळं थोडं थोडं वाढून घ्या. आणि फोन बाजूला ठेवून जेवा.

राम कृष्ण हरी 🙏