पुरोगामी शहरात घर कोणाला?

अमेरिकेत पुरोगामी शहरं कोणती, असं विचारलं की ठरलेली नावं पुढे येतात: पोर्टलंड, सिॲटल, ऑस्टिन, डेन्व्हर. सायकलींसाठी राखलेले रस्ते, नदीकाठच्या बागा, उत्तम ग्रंथालयं, समलिंगी जोडप्यांना मोकळेपणाने वावरता येईल असं वातावरण, निवडणुकीत डेमोक्रॅटिक पक्षाला भरघोस मतं. आरन रेन या नगर-अभ्यासकाने 2009 मध्ये या यादीकडे वेगळ्या बाजूने पाहिलं. त्याचं म्हणणं साधं होतं. ज्या शहरांचा आदर्श म्हणून गौरव होतो, त्यातल्या बहुतेकांमध्ये कृष्णवर्णीयांचं प्रमाण अमेरिकेतल्या इतर मोठ्या शहरांच्या मानाने फारच कमी आहे. देशात हे प्रमाण 12-13 टक्के, पोर्टलंडमध्ये जेमतेम 6. उलट डेट्रॉइटमध्ये तीन चतुर्थांशांहून अधिक. डेट्रॉइटला कोणी पुरोगामी शहर म्हणत नाही, तिथली मतपेटी कितीही डेमोक्रॅटिक असली तरी.

हे आकडे आपोआप घडलेले नाहीत. ओरेगॉनच्या 1857 च्या राज्यघटनेत कृष्णवर्णीयांना त्या प्रदेशात येण्याची, राहण्याची, जमीन घेण्याची सरळ मनाई होती आणि ते कलम रद्द व्हायला 1926 साल उजाडावं लागलं. दुसऱ्या महायुद्धात जहाजबांधणीसाठी मजूर हवे झाले, तेव्हा 1942 मध्ये कोलंबिया नदीच्या पूरक्षेत्रात, सखल जागेवर व्हॅनपोर्ट नावाची वसाहत घाईघाईने उभारली गेली. 30 मे 1948 रोजी बांध फुटला आणि ती वसाहत एका दिवसात नाहीशी झाली. त्या वेळी तिथे राहणाऱ्या सुमारे साडेअठरा हजार लोकांपैकी अंदाजे एक तृतीयांश कृष्णवर्णीय होते. त्यांना शहरात ज्या एका भागात शिरकाव मिळाला, त्या अल्बिनातली घरंही पुढच्या दोन-तीन दशकांत क्रीडागार, महामार्ग आणि रुग्णालयाच्या विस्तारासाठी पाडली गेली. उरलेले लोक भाडं परवडेना म्हणून बाहेर सरकले. शहराची पुरोगामी म्हणून ख्याती वाढत गेली ती याच काळात. पोर्टलंडचे आजचे रहिवासी ढोंगी आहेत, असा याचा अर्थ मी काढत नाही. त्यांची मतं प्रामाणिक असतील. पण ज्या माणसाच्या बाबतीत ती मतं रोजच्या व्यवहारात कसाला लागली असती, तो माणूस शेजारी राहायला आलाच नाही. तितक्याच पुरोगामी गणल्या जाणाऱ्या मिनिआपोलिसमध्ये तो होता, आणि मे 2020 मध्ये पोलिसांच्या हातून जॉर्ज फ्लॉइडचा मृत्यू झाल्यावर त्या शहराच्या लौकिकाचं काय झालं, हे जगाने पाहिलं.

महाराष्ट्राने स्वतःला पुरोगामी म्हणवून घेण्याला आधार आहे. 1848 मध्ये पुण्याच्या भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली, शाहू महाराजांनी 1902 मध्ये कोल्हापूर संस्थानात निम्म्या जागा राखून ठेवल्या, बाबासाहेबांचं जवळजवळ सगळं काम इथून उभं राहिलं. परंतु हा वारसा सांगणाऱ्या शहरांत घर कोणाला मिळतं, हा हिशेब आपण मांडत नाही. 2023 मध्ये मुलुंडला एका मराठी महिलेला कार्यालयासाठी जागा नाकारली गेली, कारण ती मराठी होती. राज्यभर संताप उसळला, आणि तो रास्तच होता. त्याच राज्यात भाड्याच्या घरासाठी गेलेल्या माणसाला एजंट आधी आडनाव विचारतो, मग गाव विचारतो, मग ‘नॉनव्हेज चालणार नाही’ किंवा ‘सोसायटीचं एनओसी मिळणार नाही’ असं सांगतो. हा अनुभव दलितांना, मुसलमानांना, एकट्या बाईला आणि अलीकडे उत्तर भारतीयांना इतका नेहमीचा आहे की त्याची बातमी होत नाही. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात प्रत्यक्ष घरं मागून केलेला अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. शिक्षण आणि उत्पन्न सारखं असूनही दलितांना आणि त्यांच्यापेक्षाही मुसलमानांना घरं जास्त वेळा नाकारली गेली, असं त्यातून दिसलं. 1917 मध्ये बडोद्याला खुद्द आंबेडकरांना जात लपवून पारशी धर्मशाळेत राहावं लागलं आणि तिथूनही बाहेर पडावं लागलं. त्याला शंभर वर्षं उलटून गेली आहेत.

मुंबईने ज्यांना सामावून घेतलं नाही, ते कुठे गेले? पुष्कळसे आमच्या वसई-विरारमध्ये आले. 18 जानेवारी 1982 पासूनच्या गिरणी संपानंतर लालबाग-परळच्या चाळींतली कोकणी कुटुंबं विरार, नालासोपारा, डोंबिवलीकडे सरकली. 1992-93 च्या दंगलींनंतर मुसलमान कुटुंबं मुंब्रा, मिरा रोड आणि त्याच्याही उत्तरेला आली. पाठोपाठ पूर्वांचल आणि बिहारमधले कामगार आले. 2001 च्या जनगणनेत वसई नगरपालिकेची लोकसंख्या पन्नास हजारांच्या आत होती, शेजारच्या नालासोपाऱ्याची पावणेदोन लाखांच्या वर. जुलै 2009 मध्ये चार नगरपालिका आणि 53 ग्रामपंचायती मिळून महापालिका झाली आणि 2011 च्या जनगणनेत तिची लोकसंख्या 12 लाख 22 हजार भरली. आज ती कितीतरी अधिक आहे, हे सकाळी सहाच्या विरार लोकलच्या दारात उभ्या असलेल्या कोणालाही सांगावं लागत नाही.

या शहराच्या दोन प्रतिमा आहेत आणि त्यांच्या मधून पश्चिम रेल्वेचे रूळ जातात. पश्चिमेला निर्मळ, गास, भुईगाव, वाघोली, नंदाखाल, आगाशी: केळीच्या बागा, पानवेली, सोनचाफा, विहिरी, चर्च आणि देवळं. सामवेदी ब्राह्मण आणि सामवेदी ख्रिस्ती म्हणजे कुपारी एकच कादोडी बोली बोलतात. या पट्ट्यात शाळा आणि वाचनालयं जुनी आहेत, दिवाळी अंक निघतात, साहित्यसंमेलनं भरतात. फादर फ्रान्सिस दिब्रिटो 2020 मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. काही संघटनांनी धर्मावरून विरोध केला, तेव्हा वसई एकदिलाने त्यांच्या मागे उभी राहिली. या वसईचा सर्वधर्मसमभाव खरा आहे आणि तो पिढ्यान्‌पिढ्या जगून कमावलेला आहे. रुळांच्या पूर्वेला नालासोपाऱ्याचे तुळिंज, आचोळे, संतोष भुवन, धानिव बाग, पेल्हार. यांचं नाव वर्तमानपत्रात येतं ते अनधिकृत बांधकाम, पाणी तुंबणं आणि गुन्हेगारी या सदरांत. वसईकर ‘नालासोपारा’ हा शब्द ज्या सुरात उच्चारतो, तो सूर पोर्टलंडकरांच्या तोंडी डेट्रॉइटसाठी येत असावा.

पण आपण कधी विचारलं आहे का, की या दोन भागांत खरी सरमिसळ कुठे झाली? धानिव बागेतल्या बैठ्या चाळीत एका नळावर रत्नागिरीची बाई, जौनपूरची बाई, मालेगावहून आलेली मुसलमान बाई आणि मराठवाड्यातली बौद्ध बाई हंडे लावतात. तिथे एनओसी कोणी मागत नाही, कारण सोसायटीच नोंदलेली नसते. करार नोटरीच्या स्टॅम्प पेपरवर होतो आणि डिपॉझिट जमलं की चावी मिळते. म्हणजे ज्या वस्तीला आपण मागास समजतो, ती प्रवेशाच्या बाबतीत सर्वांत मोकळी, आणि जिच्या सुसंस्कृतपणाचं कौतुक करतो, तिथे सातबारा आणि नातेसंबंध यांच्याशिवाय शिरकाव अवघड. शहराचं पुरोगामीपण मोजताना आपण मतं, संस्था आणि स्वच्छता मोजतो. प्रवेश कोणाला आहे, हे मोजत नाही. माझा आक्षेप या मोजमापाला आहे.

यावर सर्वांत वजनदार हरकत पश्चिम वसईचीच असेल आणि ती झटकून टाकता येणार नाही. 1990 साली सिडकोला या भागाचं विशेष नियोजन प्राधिकरण नेमलं गेलं. त्याच सुमारास हजारो एकर हिरव्या पट्ट्यावर इमारतींचं सावट आलं, आणि दिब्रिटोंच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समितीचं आंदोलन उभं राहिलं. गोड्या पाण्याच्या विहिरी खाऱ्या होत होत्या, टँकर लॉबी पाणी उपसत होती, जमिनींसाठी गुंड घराघरांत शिरत होते. ते आंदोलन झालं नसतं तर आज आगाशीत पानवेल दिसली नसती. महापालिकेत जायला गावांनी विरोध केला, 2011 मध्ये 29 गावं वगळण्याचा निर्णय झाला, त्यावर न्यायालयात वर्षानुवर्षं लढाई चालली. या सगळ्याला परप्रांतीयांचा द्वेष म्हणणं अन्यायाचं आहे. लहान बोली, लहान समाज, लहान शेती यांना स्वतःला जपण्याचा अधिकार आहे आणि पोर्टलंडच्या गोऱ्या बहुसंख्यांशी त्यांची बरोबरी होत नाही. कुपारी किंवा कोळी हे सत्ताधारी नव्हते, त्यांच्यावर शहर चालून आलं.

तरीही माझा मुद्दा उरतो, कारण हिरव्या पट्ट्याच्या आतही एक तपासणी होती. तालुक्यातले वारली, कातकरी, मल्हार कोळी हे इथले सर्वांत जुने रहिवासी. 1976 मध्ये वेठबिगारी कायद्याने रद्द झाल्यावरही लग्नासाठी घेतलेल्या शे-दोनशे रुपयांच्या कर्जापायी माणसं मालकाच्या शेतावर बांधलेली राहिली, आणि 1982 मध्ये स्थापन झालेली श्रमजीवी संघटना याच तालुक्यातल्या वेठबिगारांच्या मुक्तीतून उभी राहिली. तेव्हाही वसईत वाचनालयं होती, सर्वधर्मसमभाव होता. हिंदू आणि ख्रिस्ती बागायतदारांमधला सलोखा आदिवासी पाड्यापर्यंत पोचला नव्हता. तुल्यबळांमधल्या सलोख्याची किंमत मी कमी करत नाही. पण पुरोगामीपणाची परीक्षा ज्याच्या हाती काही नाही अशा माणसापाशी होते.

दुसरी हरकत अशी की वंश आणि जात एक नव्हेत, अमेरिकेचा चष्मा इथे लावू नये. वंश आणि जात वेगळे आहेत हे मान्य. घरांच्या बाबतीत मात्र परिणाम चकित करण्याइतका सारखा निघतो. पॉल नोव्होसाड, सॅम ॲशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातल्या लाखो शहरी आणि ग्रामीण वस्त्यांची माहिती तपासून 2023 मध्ये निष्कर्ष मांडला, की आपल्या शहरांत मुसलमान आणि दलित यांचं वेगळं पडणं अमेरिकेतल्या काळ्या-गोऱ्यांच्या विभाजनाच्या जवळपास जाणारं आहे, आणि अशा वस्त्यांत सरकारी शाळा, दवाखाने, नळ, गटार कमी आहेत. लोक आपल्या माणसांत राहणं पसंत करतात, असंही म्हटलं जातं. काही जण करतातही. पण मशीद जवळ हवी म्हणून नालासोपाऱ्याला येणं आणि दादर-पार्ल्यात दहा ठिकाणी नकार मिळाल्यावर येणं, या दोन गोष्टी बाहेरून सारख्याच दिसतात. निवड कोणती आणि निरुपाय कोणता, हे येणाऱ्यालाच विचारावं लागेल.

नालासोपारा म्हणजे बंधुभावाचा नमुना, असं मात्र मला म्हणायचं नाही. तिथेही भाषेवरून, धर्मावरून तंटे होतात. मोकळ्या प्रवेशाची किंमत तिथली माणसं जिवाने मोजतात. दर पावसाळ्यात रुळांवर पाणी येतं, कारण पाणथळ, मिठागरं आणि नाले बुजवून ही वस्ती झाली. व्हॅनपोर्टही सखल जागेवरच होतं. सांडपाणी प्रकल्पासाठी राखीव जमिनीवर बांधलेल्या अग्रवाल नगरीतल्या 41 इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशाने 2024-25 मध्ये पाडल्या गेल्या आणि पै-पै साठवून घर घेतलेली कुटुंबं रस्त्यावर आली. ऑगस्ट 2025 मध्ये विरार पूर्वेला विजयनगरमधल्या रमाबाई अपार्टमेंटचा भाग कोसळून 17 जण दगावले. अधिकृत शहराने दार लावलं की माणूस अनधिकृत शहरात जातो, आणि मग तो अनधिकृत ठरतो.

अमेरिकेत 1968 पासून घर विकताना वा भाड्याने देताना वंशावरून नकार देणं बेकायदा आहे. कायद्याने सगळं सुधारलं नाही, पण नाकारलेल्या माणसाला न्यायालयात जाण्याची वाट मिळाली. आपल्या घटनेचं कलम 15(2) दुकान, हॉटेल, विहीर, तलाव यांची नावं घेतं, भाड्याच्या घराचं घेत नाही. 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेचा फक्त पारशी सभासद घेण्याचा नियम वैध ठरवला. महाराष्ट्राच्या 1960 च्या सहकार कायद्यातलं कलम 23 पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारू नये असं सांगतं, पण भाडेकरू सभासद नसतो. घर विकताना वा भाड्याने देताना असा नकार बेकायदा ठरवणारा कायदा स्वतःला पुरोगामी म्हणवणाऱ्या राज्याने सर्वांत आधी करायला हवा. जातींची नोंद घेणारी जनगणना 2027 मध्ये होते आहे. तिचे प्रभागनिहाय आकडे आले की वसई-विरार महापालिकेने ते पाणी, गटार आणि शाळांच्या आकड्यांशेजारी छापावेत, आणि नोंदणीकृत सोसायट्यांनी वर्षभरात किती भाडेकरूंना व खरेदीदारांना नकार दिला, तो कोणत्या कारणाने, हे लेखी निबंधकाकडे द्यावं. ती कारणं लिहायला कोणती सोसायटी तयार होते, हे मला पाहायचं आहे.