भरावावरचे ऋण

मुंबईला गेलो की मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर तासभर टेकल्याशिवाय मी परत फिरत नाही. शेंगदाण्यांच्या पुडीपलीकडे तिथे खर्च नाही. तुम्ही कुठले, घरात कोणती भाषा बोलता, असे कुणी विचारतही नाही. आम्हा सीमेवरच्या माणसांना हे न विचारणेच फार सुखाचे वाटते.

पण हे सुख कुणाच्या खात्यावरचे? जिथे आपले पाय टेकलेले असतात तिथे शंभर वर्षांपूर्वी पाणी होते. बॅकबे भरून काढण्याची मोठी योजना १९२०च्या सुमारास गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनी हाती घेतली. समुद्रातून १,१४५ एकर जमीन काढायची आणि ती विकून पैसा उभा करायचा, असा तो हिशेब. एखाद्या कारकुनाला संध्याकाळी वारा खाता यावा, हा हेतू त्यात शोधूनही सापडायचा नाही. खर्च फुगला, काम रखडले आणि लोक त्या योजनेला ‘लॉइडचा वेडेपणा’ म्हणू लागले. खुर्शेद नरिमन या वकिलाने तिच्यातला गैरकारभार चव्हाट्यावर आणला. एका अधिकाऱ्याने त्यांच्यावर अब्रुनुकसानीची फिर्याद केली, तीतून ते निर्दोष सुटले. स्वातंत्र्यानंतर त्याच बॅकबेत भर घालून जे टोक उभे राहिले, त्याला नाव मिळाले नरिमन पॉइंट. ज्याने भरावातले पाप दाखवले त्याचेच नाव भरावाला! हा सन्मान की सूड, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

लोभापोटी केलेल्या कर्माचे फळ भलत्याच माणसाने चाखले, तर त्याला दोष लागतो का? ज्याचे कर्म त्याला फळ, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. इथे साहेब गेले, त्यांचा नफाही बुडाला, आणि फळ कुणाला? घरी दोन शब्द बोलायला कोपरा नसलेल्या जोडप्याला, पेन्शनीतल्या आजोबांना, पुस्तक उघडून न वाचणाऱ्या पोराला. सगळे ओळीने बसलेले, तोंड समुद्राकडे आणि पाठ इमारतींकडे. त्या आर्ट डेको इमारती २०१८ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्या. त्यांच्या खिडकीतून आणि कट्ट्यावरून समुद्र सारखाच दिसतो, असे म्हणायची पद्धत आहे. मला ते तितकेसे पटत नाही. खिडकीवाल्याला उठून लोकल गाठायची नसते.

तेव्हा दोष मी मानत नाही. ऋण मात्र मानतो. शास्त्राने देवऋण, ऋषिऋण, पितृऋण सांगितले. तिथे देणारा ठाऊक असतो. लॉइडसाहेबांनी मला काही दिलेले नाही, त्यांचे मी देणे लागत नाही. देणे लागतो ते ज्याच्याकडून घेतले गेले त्याचे. म्हणजे समुद्राचे, आणि त्याच्यावर पोट असलेल्या कोळ्यांचे. समुद्राचा सातबारा नसतो. जमीन कुणाची या एका प्रश्नाच्या कागदांत आमच्या इकडच्या पिढ्या गेल्या. ज्याच्याकडे कागदच नाही त्याचे काय होते, हे निदान आम्हाला तरी कळायला हवे.

हा सगळा जुना इतिहास म्हणून सोडून देता आला असता. पण मरीन ड्राइव्हपासून वरळीकडे जाणारा सागरी किनारा रस्ता २०२४च्या मार्चपासून टप्प्याटप्प्याने खुला झाला, आणि त्याच्यासाठीही समुद्रात भराव पडला. वरळी कोळीवाड्याच्या माणसांनी होड्या ये-जा करण्यासाठी पुलाच्या दोन खांबांत जास्त अंतर मागितले. आधी ६० मीटर ठरले होते. आंदोलन केल्यावर, काम अडवल्यावर ते १२० मीटर झाले. रस्ता वाहनांसाठी असला तरी त्याच्या कडेनेही लोकांना फिरायला वाट केली आहे. तिथेही उद्या जोडपी बसतील, आजोबा बसतील, मीही जाईन. गेलो की आधी त्या १२० मीटरांतून एखादी होडी जाताना दिसते का, ते पाहणार आहे.