लोकसंग्रह कीं लोकगणना?

ज्याला कांहीं सांगावयाचें आहे त्याला ऐकणारा हवा, ही गोष्ट कीर्तनकारापासून वर्तमानपत्राच्या संपादकापर्यंत सर्वांस सारखीच लागू आहे. रिकाम्या सभागृहास उपदेश करणारा मनुष्य त्यामुळें निःस्वार्थी ठरत नाहीं. फार तर विक्षिप्त ठरतो. म्हणून यूट्यूब, इन्स्टाग्राम यांसारख्या माध्यमांवर स्वतःचें चॅनल चालविणारी तरुण मंडळी ‘आमचे फॉलोअर कसे वाढतील, आणि वाढलेले कसे टिकतील?’ असें विचारूं लागली, तर तेवढ्यावरून त्यांना उथळ म्हणून हिणविणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. प्रश्न जुनाच आहे. साधनें तेवढीं नवीं आहेत. मात्र हा प्रश्न बहुधा युक्तीचा म्हणून विचारला जातो, आणि त्याचें उत्तरही युक्तीचेंच मिळतें. आमच्या मतें तो मुळांत नीतीचा प्रश्न आहे, आणि त्या बाजूनें त्याचा थोडासा विचार करण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

प्रथम व्यवहार समजून घेऊं. या उद्योगांत अनुयायांची संख्या ही नुसती मिरविण्याची वस्तु नव्हे; तिच्यावर पोट चालतें. यूट्यूबवरील जाहिरातींच्या उत्पन्नांत वाटा मिळण्यासाठीं किमान १,००० सब्स्क्राइबर हवेत. शिवाय मागील बारा महिन्यांत प्रेक्षकांनीं आपले व्हिडिओ ४,००० तास पाहिलेले असावे लागतात, किंवा ‘शॉर्ट्स’ नांवाचे आखूड व्हिडिओ ९० दिवसांत एक कोटी वेळां पाहिले जावे लागतात. ही पायरी ओलांडली म्हणजे लांब व्हिडिओंवरील जाहिरातींच्या उत्पन्नापैकीं शेंकडा ५५ भाग कर्त्याचा आणि उरलेला कंपनीचा, अशी वाटणी आहे. कोणता व्हिडिओ कोणापुढें ठेवावयाचा, हें यंत्र ठरवितें. २०१२ सालीं यूट्यूबनें या यंत्राचा रोख ‘किती वेळां पाहिलें’ यावरून काढून ‘किती वेळ पाहिलें’ याकडे वळविला, तेव्हां कर्त्यांनाही आपल्या रचनेची तऱ्हा बदलणें भाग पडलें. सारांश, या व्यासपीठावर वक्ता आणि श्रोता यांच्या मध्यें एक तिसरा उभा आहे. तो दोघांसही मोजतो, परंतु दोघांपैकीं कोणासही ओळखत नाहीं.

आतां गीतेंतील ‘लोकसंग्रह’ हा शब्द आठवावा. संग्रह म्हणजे सांठा, यावरून माणसांचा मोठा जमाव करणें असा त्याचा अर्थ कोणी करील. परंतु शंकराचार्यांनीं आपल्या भाष्यांत, आडमार्गास लागणाऱ्या लोकांना तेथून परतविणें, असा त्याचा अर्थ सांगितला आहे. चकलीची भाजणी शिकविणाऱ्या गृहिणीनें आचार्यपद घ्यावें, अशी आमची अपेक्षा नाहीं. तथापि ‘अमुक तेल चांगलें म्हणा’ म्हणून तेलवाला पैसे देऊं करीत असतां, ‘तें मी वापरीत नाहीं आणि तुम्हीही वापरूं नका’ असें सांगण्याची ताकद तिच्यापाशीं असेल, तर तिनें आपल्या मापाचा लोकसंग्रह केला असें आम्ही म्हणूं. जो लोकांना वळवूं शकतो त्यानें लोक जोडले. ज्याला लोकच रोज वळवितात, त्याच्याजवळ लाखांचा आंकडा असला तरी ती केवळ लोकगणना होय.

गणनेचा दोष असा कीं ती हळूहळू साध्याची जागा घेते. चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञानें १९७५ सालीं चलननीतीविषयीं लिहितांना दाखवून दिलें कीं, एखादें माप नियंत्रणासाठीं वापरूं लागलें कीं त्याचा भरंवसा ढांसळतो. अनुयायांच्या संख्येचें तसेंच झालें. संख्या हीच पत ठरतांच ती विकत मिळूं लागली. डिसेंबर २०१४ मध्यें इन्स्टाग्रामनें बनावट खातीं काढून टाकलीं, तेव्हां जस्टिन बीबर या गायकाची अनुयायिसंख्या एका फटक्यांत सुमारें ३५ लाखांनीं घटली. त्यानें तीं खातीं विकत घेतलीं होतीं असें नव्हे. परंतु जी गर्दी दिसत होती तिच्यांत माणसें किती आणि बुजगावणीं किती, हें बाहेरून कोणासच कळत नव्हतें, एवढें त्यावरून सिद्ध झालें. पुढें २०२४ सालीं अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनला व्यापारी लाभासाठीं असे बनावट अनुयायी विकण्यास व विकत घेण्यास मनाई करणारा नियमच करावा लागला.

दुसरा दोष परावलंबनाचा. २९ जून २०२० रोजीं भारत सरकारनें टिकटॉकसह ५९ ॲप्सवर बंदी घातली. राष्ट्राच्या सुरक्षिततेचा तो निर्णय होता आणि त्याचा विचार येथें कर्तव्य नाहीं. परंतु ज्यांनीं खेड्यापाड्यांतून, शेताच्या बांधावरून, लाखो प्रेक्षक मिळविले होते, त्यांची सारी मिळकत एका रात्रींत गेली. वाडा आपला असला तरी जमीन दुसऱ्याची होती. अशा प्रसंगीं उरतें काय? ज्याला लोक ‘फोनवर समोर आला म्हणून’ पाहत होते, त्याचें कांहींच उरत नाहीं. ज्याच्यासाठीं लोक फोन उघडीत होते, त्याला ते दुसरीकडे शोधीत जातात.

तेव्हां टिकाऊ वाढ कशाला म्हणावें? टॉम स्कॉट या इंग्रज गृहस्थांचें उदाहरण आम्हांस बोधप्रद वाटतें. विज्ञान, भाषा व भूगोल यांतील कुतूहलाचे विषय घेऊन त्यांनीं २०१४ पासून दर आठवड्यास एक व्हिडिओ, याप्रमाणें दहा वर्षें नेम चालविला. आणि १ जानेवारी २०२४ रोजीं, चॅनल भरभराटींत असतांना, हा साप्ताहिक नेम आपण थांबवीत आहों असें सांगून तो थांबविला. यांत दोन गोष्टी आहेत. एक, स्वतःला झेपेल असा ताल. दुसरी, थांबण्याचा हक्क. यंत्राला विश्रांति नको असते, म्हणून त्याच्या मागें धांवणाऱ्यालाही ती मिळत नाहीं. ज्याला थांबतां येत नाहीं त्याला अनुयायी आहेत असें म्हणण्यापेक्षां, तोच त्यांचा अनुयायी झाला आहे असें म्हणणें अधिक यथार्थ होईल.

आपल्याकडे या कसोटीचीं उदाहरणें जुनीं आहेत. आगरकर हे ‘केसरी’चे पहिले संपादक. पत्र लोकांत रुजलेलें असतां, सुधारणेविषयीं मनांतलें मोकळेपणीं लिहितां यावें म्हणून त्यांनीं १८८७ सालीं तें संपादकत्व सोडलें आणि पुढल्याच वर्षीं ‘सुधारक’ काढला. त्याबद्दल पुण्यांतील लोकांनीं त्यांची जिवंतपणींच प्रेतयात्रा काढली. रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं संततिनियमनाचा पुरस्कार करणारें ‘समाजस्वास्थ्य’ १९२७ पासून १९५३ मध्यें मृत्यु येईपर्यंत चालविलें. वर्गणीदार थोडे, वर खटले. या दोघांनीं ज्यांना वळविलें त्यांचीं नातवंडें-पणतवंडें आज आपल्यांत आहेत.

येथें कोणी म्हणेल, ज्याला एक तारखेस पगार मिळतो त्यानें हें सांगणें सोपें आहे. हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाहीं. तालुक्याच्या गांवीं राहणारी, जिला कोणत्याही संमेलनाचें निमंत्रण कधीं येणार नाहीं, अशी मुलगी या माध्यमामुळें चार लोकांस ऐकूं जाते आणि त्याच उत्पन्नांतून धाकट्या भावाची फी भरते. तिनें प्रेक्षक घालवून कर्वे व्हावें असें सांगण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. परंतु तिच्यासाठींच ‘पुरे’ हा शब्द महत्त्वाचा आहे. केव्हिन केली या अमेरिकन लेखकानें २००८ सालीं एका निबंधांत असें मांडलें कीं, कलावंताच्या चरितार्थाला कोट्यवधि चाहत्यांची गरज नसून, जें करील तें विकत घेणारे हजार खरे चाहते पुरतात. हजारांचा हा हिशेब आपल्याकडच्या किमतींना तसाच लागू पडेल असें नाहीं. परंतु गरजेला कोठें तरी सीमा आहे, हें त्यांतलें मर्म खरें आहे. ज्या वाढीला ‘पुरे’ ठाऊक नाहीं ती टिकाऊ असूं शकत नाहीं, कारण उद्यांचा आंकडा आजच्या आंकड्याला नेहमीं तोकडाच ठरवीत असतो. जोडीला दुसरें एखादें उत्पन्न राखावें, पैसे घेऊन केलेल्या शिफारशीवर तसें स्पष्ट लिहावें (ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडियाच्या २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही हीच अपेक्षा आहे), आणि कांहीं प्रेक्षक गेले तरी घर चालेल इतक्या बेतानें वाढावें. म्हणजे अप्रिय बोलण्यापुरती जागा शिल्लक राहते.

राहतां राहिला घरांतील वडील माणसांचा प्रश्न. मुलगा किंवा मुलगी फोन पुढें करून आपल्या फॉलोअरांचा आंकडा दाखविते, तेव्हां आपण एक तर कौतुकानें तो शेजाऱ्यांस सांगतों, नाहीं तर कपाळाला आठी घालतों. दोन्ही वेळां आपणही आंकड्याकडेच पाहत असतों. त्यापेक्षां त्यांना जवळ बसवून, ‘या महिन्यांत तूं या लोकांना कोणती गोष्ट सांगितलीस, जी त्यांना आधीं ठाऊक नव्हती? आणि कोणती सांगितलीस, जी त्यांना आवडली नाहीं?’ असें विचारावें. दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर पुष्कळ महिने मिळालें नाहीं, तर चॅनल कितीही वाढत असलें तरी मुलांशीं थोडें बोलण्याची वेळ आली आहे, असें समजावें.